घरचा अभ्यास, मोबाईल अन् एआय: उत्तर मागू नका, पोराला विचार करायला लावा!

समजा, रात्रीचे साडेआठ वाजलेत. आईबाप ऊसतोडीला गेलेत, घरी आजी आणि चौथीतली नात. नातीच्या हातात चुलत्याचा मोबाईल. दहा मिनिटांत गणिताचं पान भरलं. अक्षर सुंदर, उत्तरं सगळी बरोबर.

"आज्जे, झाला बघ अभ्यास!"

"एवढ्या लवकर? बरं, हे पहिलं गणित कसं केलं ते मला सांग की."

"...मोबाईलनं सांगितलं."

आजीला लिहिता-वाचता येत नाही, पण प्रश्न तिनं नेमका विचारला. वही भरली, पोरीच्या डोक्यात मात्र काही गेलं नाही. ही गंमत वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. तिसरी-चौथीत वाचन आणि भागाकार कच्चा राहिला की पाचवी-सहावीत पोर मागं पडतं. मागं पडलेलं पोर हळूहळू शाळेला जायचं टाळतं. मुलगी असेल तर तिची शाळा सुटायला फार वेळ लागत नाही, हे आपल्या भागात सांगायची गरज नाही.

दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून टोळ्या बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येतात. पाच-सहा महिने कितीतरी पोरांचा अभ्यास आजी-आजोबा, चुलते नाहीतर थोरली बहीण बघते. अशा घरात मोबाईल आणि एआय खरंच कामाला येऊ शकतात. पण वापरायची रीत चुकली तर फायद्यापेक्षा नुकसानच जास्त. म्हणून आज ही रीत समजून घेऊ. हा लेख पहिली ते पाचवीच्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे.

एआय म्हणजे नेमकं काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर आपण "कसे" असं लिहिलं की कीबोर्ड खाली "आहात" हा शब्द सुचवतो. चॅटजीपीटी, जेमिनी, मेटा एआय ही याच कामाची फार मोठी रूपं आहेत, असं समजा. त्यांनी जगातला प्रचंड मजकूर पाहिलेला असतो. आपण प्रश्न विचारला की पुढं कोणता शब्द येणं जास्त शक्य आहे, हे ती गणितानं ठरवतात आणि वाक्य तयार करतात.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, एआय मास्तर नाही. आपलं पोर कोण, त्याला कालचा धडा कळला का, ते रडवेलं झालंय का, हे त्याला दिसत नाही.

दुसरी, एआय चुकतो आणि चुकताना अजिबात अडखळत नाही. बरोबर उत्तर जितक्या ठामपणे देतो, तितक्याच ठामपणे चुकीचंही देतो. मोठ्या माणसाला संशय येतो, आठ वर्षांच्या पोराला येत नाही. मोबाईलनं सांगितलं म्हणजे खरंच, असं त्याला वाटतं.

मराठीत तर जास्त सांभाळायला हवं. इंग्रजीच्या मानानं मराठी मजकूर इंटरनेटवर फार कमी आहे. त्यामुळं मध्येच हिंदी शब्द घुसतात. एकोणसाठला कधी "उनसठ" म्हणेल, तर भाजक-भाज्याच्या जागी भलताच शब्द वापरेल. एखाद्या शब्दात किती अक्षरं आहेत किंवा जोडाक्षर कोणतं, अशा साध्या प्रश्नातही गडबड होऊ शकते.

शिवाय शाळेत शिकवायची पद्धत वेगळी असू शकते. आठवत असेल, २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "सत्तावीस"सोबत "वीस सात" अशी संख्या वाचायची पद्धत आली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली होती. वर्गात बाई एका पद्धतीनं शिकवतात आणि मोबाईल दुसऱ्या पद्धतीनं, असं झालं की पोर गोंधळतं. अशा वेळी एआयला नाही, पुस्तकाला आणि बाईंना प्रमाण मानायचं.

पोराच्या नावानं खातं उघडायचं का?

नाही. चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे कंपनीच्याच नियमात आहे. १३ ते १८ वयात पालकांची परवानगी लागते. व्हॉट्सअ‍ॅप वापरायलाही किमान वय १३ आहे. त्यात आता एआयचं गोल चिन्ह दिसतं, म्हणजे पोराच्या हातात नुसतं व्हॉट्सअ‍ॅप असलं तरी एआय त्याच्या बोटाखाली आला.

आपल्या देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची खात्रीशीर संमती घ्यावी, असं म्हटलं आहे.

म्हणजे प्राथमिक शाळेतल्या पोरासाठी सरळ नियम असा: खातं मोठ्या माणसाचं, मोबाईल मोठ्या माणसाच्या हातात, पोर शेजारी बसलेलं. पोरानं प्रश्न सांगायचा, मोठ्यानं तो बोलून किंवा टाइप करून विचारायचा. टाइप करायला जमत नसेल तर कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, मजकूर आपोआप उमटतो. खोटं वय टाकून खातं उघडू नका.

आधी पुस्तक, मग दीक्षा, सगळ्यात शेवटी एआय

घरच्या अभ्यासाचा हा क्रम ठेवा.

१. पुस्तक: बालभारतीचं पुस्तक हाच पाया. पुस्तक फाटलं किंवा गावाकडं राहिलं तर ई-बालभारतीच्या वेबसाइटवरून पीडीएफ फुकट मिळते.

२. दीक्षा अ‍ॅप: केंद्र सरकारचं हे अ‍ॅप २०१७ पासून आहे. पुस्तकात छापलेला क्यूआर कोड या अ‍ॅपनं स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. नेट नीट नसेल तर जिथं रेंज आहे तिथं डाउनलोड करून घ्या, घरी नेट नसताना दाखवा. हे साहित्य शाळेचा अभ्यासक्रम धरून बनवलेलं आहे, म्हणून एआयच्या आधी याचा नंबर.

३. एआय: पुस्तक वाचून, व्हिडिओ बघूनही एखादी गोष्ट अडली किंवा जास्तीचा सराव पाहिजे असेल तरच.

एक इशारा. "पोराचं इंग्रजी पक्कं करतो, फक्त एवढे पैसे भरा" असे फोन येतात. पहिली ते पाचवीच्या अभ्यासासाठी वर सांगितलेलं फुकटातलं पुरतं. ऑटोपे चालू करू नका आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.

एआयशी बोलायचं कसं?

खरी गोम इथंच आहे. तेच एआय पोराला आळशी करतं आणि तेच विचार करायलाही लावतं. आपण काय मागतो, त्यावर सगळं ठरतं.

एक गणित घेऊ. एका मोळीत १२ ऊस. अशा १५ मोळ्यांत ऊस किती?

चुकीची रीत: "१२ गुणिले १५ किती?" एआय म्हणेल १८०. पोर लिहून मोकळं. शिकलं काहीच नाही.

बरोबर रीत: आधी एआयला बजावून सांगायचं की उत्तर द्यायचं नाही. हे वाक्य तसंच्या तसं वापरा:

"माझा मुलगा चौथीत आहे. त्याला उत्तर सांगू नकोस. सोप्या मराठीत एका वेळी एकच छोटा प्रश्न विचार. तो उत्तर देईल, मग पुढचा प्रश्न विचार."

आता संभाषण साधारण असं चालेल:

एआय: एका मोळीत १२ ऊस, तर दोन मोळ्यांत किती?

पोर: २४.

एआय: छान. दहा मोळ्यांत किती?

पोर: १२०.

एआय: आता किती मोळ्या उरल्या? त्यांत किती ऊस?

पोर: पाच मोळ्या... ६०.

एआय: मग सगळे मिळून?

पोर: १२० आणि ६०... १८०!

उत्तर तेच आलं, पण या वेळी ते पोरानं स्वतः काढलं. उद्या मोळीच्या जागी पेंढी आली, १५ च्या जागी १८ आले तरी ते अडणार नाही.

कधीकधी दोन-तीन प्रश्नांनंतर एआय विसरतो आणि उत्तर सांगून टाकतो. तेव्हा पुन्हा सांगा, "उत्तर नको, प्रश्न विचार." ही काही उपयोगी वाक्यं मोबाईलमध्ये जपून ठेवा:

• वाचनासाठी: "दुसरीतल्या मुलीसाठी आठ ओळींची सोपी गोष्ट लिही. गोष्टीत विहीर, शेळी आणि आजी असू दे. जोडाक्षरं कमी ठेव." गोष्ट पोरीनं मोठ्यानं वाचायची, मोबाईलला वाचायला लावायचं नाही.

• पाढ्यांसाठी: "सातच्या पाढ्यावर किराणा दुकानातली पाच तोंडी गणितं दे. उत्तरं देऊ नकोस."

• चूक शोधायला: "माझ्या मुलानं ८४ भागिले ६ चं उत्तर १३ काढलं. चूक कुठं झाली ते त्यालाच सापडेल असे प्रश्न विचार." (बरोबर उत्तर १४ आहे. सहा गुणिले चौदा करून पडताळता येतं.)

• निबंधासाठी: निबंध लिहून मागू नका. "माझा गाव या विषयावर मुलाला विचारायला दहा प्रश्न दे" असं सांगा. पोरानं तोंडी उत्तरं द्यावीत आणि तीच आपल्या शब्दांत लिहावीत. आपल्या गावची यात्रा, नदी, पार याबद्दल एआयपेक्षा पोराला आणि आजीला जास्त माहीत असतं.

वाचता येत नसेल तरी तपासता येतं

"आम्हीच शिकलो नाही, पोराचं काय तपासणार?" हा प्रश्न कायम येतो. वरच्या आजीनं काय केलं ते बघा. तिनं फक्त "मला सांग की" म्हटलं. मोबाईलमध्ये कितीही भारी अ‍ॅप टाकलं, तरी घरातला हा एक प्रश्न त्याच्यापेक्षा मोठा.

रोज तीन गोष्टी करा.

एक, मोबाईल बाजूला ठेवून पोराला विचारा, "आज काय शिकलास? मला कळेल असं सांग." ज्याला कळलंय त्याला सांगता येतं.

दोन, "असं का?" म्हणून विचारा. १८० च का? दोनशे का नाही? हरभऱ्याचे दाणे, चिंचोके, काड्या मांडून दाखवायला सांगा. व्यवहाराचा हिशोब आजी-आजोबांना तोंडपाठ असतो, तो इथं कामी येतो.

तीन, कालचंच गणित आकडे बदलून आज कोऱ्या पानावर करायला द्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत. जमलं तर अभ्यास झाला. नाही जमलं तर काल फक्त नक्कल झाली होती. रागावू नका, तिथूनच पुन्हा सुरू करा.

रोजचा वेळ किती?

केंद्र सरकारने २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सत्रं सांगितली होती. ती शाळा बंद असतानाची गोष्ट. शाळा चालू असताना घरी एवढ्या मोबाईलची गरजच नाही. पाऊण तासाचा हा साधा बेत करून बघा:

• १० मिनिटं: पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचन. मोबाईल बंद.

• १५ मिनिटं: गणित, वहीवर आणि दाण्यांवर. मोबाईल बंद.

• १० मिनिटं: अडलेल्या गोष्टीसाठी दीक्षा किंवा एआय, मोठ्या माणसासोबत.

• १० मिनिटं: जे शिकलं ते घरातल्या कुणाला तरी सांगणं.

पाऊण तासात मोबाईल फक्त दहा मिनिटं. घरात एकच फोन असेल, तो रात्री आठलाच मिळत असेल, तरी हे जमतं. फोन नाही मिळाला तरी पस्तीस मिनिटांचा अभ्यास होतोच.

मोबाईलला काय सांगायचं नाही

एआयला लिहिलेली गोष्ट आपल्या मोबाईलमध्येच राहत नाही, ती कंपनीच्या यंत्रणेकडं जाते. म्हणून पोराचं पूर्ण नाव, शाळेचं नाव, घरचा पत्ता, आधार क्रमांक, फोन नंबर, बँकेची माहिती लिहू नका. "चौथीतला मुलगा" एवढं पुरे. वहीचा फोटो टाकायचा असेल तर फक्त गणिताचा भाग घ्या. पोराचा चेहरा, पहिल्या पानावरचं नाव, गणवेशावरचा शाळेचा बिल्ला फोटोत येऊ देऊ नका.

पोराला हेही शिकवा: मोबाईलवर काही घाण, भीतीदायक किंवा विचित्र दिसलं तर लगेच सांगायचं, रागावणार नाही. रागावलं की पोर लपवतं, लपवलं की धोका वाढतो. मुलांच्या अडचणीसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

आणखी एक बारीक गोष्ट. एआय गोड बोलतो, कंटाळत नाही, चिडत नाही. आईबाप लांब असलेल्या पोराला तो मित्रासारखा वाटू लागतो. अभ्यासापुरता तो ठीक आहे. मनातलं बोलायला मात्र माणूस पाहिजे. रोज पाच मिनिटं आईबापाला फोन लावून द्या. आज काय शिकलो, हे पोर त्यांनाच सांगू दे.

मग शाळा सोडून घरीच शिकवलं तर?

काही पालक विचारतात, "मोबाईलवर सगळं मिळतं, मग शाळेत नाव ठेवायचंच कशाला?" इथं घाई करू नका.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं या कायद्याचं कलम १० सांगतं. घरीच शिकवण्यासाठी कायद्यात वेगळं कलम नाही. शाळा म्हणजे नुसता अभ्यासही नाही. दुपारचं जेवण, मैत्रिणी, खेळ आणि पोरावर लक्ष ठेवणारे शिक्षक तिथं असतात. मोबाईल यातलं काहीच देत नाही.

पोरांना सोबत घेऊन जावंच लागत असेल तर हे लक्षात ठेवा:

• जाण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते मागून घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं.

• दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही किंवा लांबवू शकत नाही. हे कलम ५ मध्ये आहे.

• पोराची शाळा मध्येच सुटली असेल तरी कलम ४ नुसार त्याला वयाप्रमाणे वर्गात घेतलं जातं आणि मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे.

• पोर गावातच नातेवाइकांकडे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत करा. मागं राहिलेल्या मुलांच्या जेवणाखाण्याची सोय व्हावी, त्यांना टोळीसोबत जावं लागू नये, यासाठीच ही योजना आहे.

ज्यांची शाळा खरंच सुटली आहे, त्यांच्यासाठी मुक्त शाळेचाही रस्ता आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब, क असे तीन स्तर आहेत. ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरले जातात. पण हा रस्ता शाळा सुटलेल्यांसाठी आहे. चालू शाळा बंद करून तिकडं वळू नका.

बाईंना, सरांना सांगा

घरी एआय वापरत असाल तर लपवू नका. "आम्ही रात्री दहा मिनिटं असं असं करतो, बरोबर आहे का?" असं वर्गशिक्षकांना विचारा. पोर कुठं अडतंय हे त्यांना माहीत असतं. "या आठवड्यात हातच्याची वजाबाकी घ्या" एवढं त्यांनी सांगितलं तरी घरच्या अभ्यासाला दिशा मिळते. एआयचं उत्तर आणि पुस्तक जुळत नसेल तर वहीत खूण करून ठेवा, दुसऱ्या दिवशी शाळेत विचारायला लावा. मोबाईलही चुकतो आणि त्याची चूक आपण पकडू शकतो, हे पोराला कळलं की अर्धी लढाई जिंकली.

आता पुन्हा त्या आजीकडं जाऊ. मोबाईल तोच, नात तीच. फरक एवढाच की आजी शेजारी बसलीय, पुढ्यात चिंचोके मांडलेत आणि चुलता मोबाईलला बजावतोय, "उत्तर सांगू नको, प्रश्न विचार." पान भरायला दहा मिनिटांच्या जागी अर्धा तास लागेल. लागू द्या. तेवढा वेळ पोरगी विचार करत असते, आणि शिकणं त्यालाच म्हणतात.

ही माहिती तुमच्या गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा. ज्या घरातली मोठी माणसं तोडीला गेली आहेत, तिथं तर पाठवाच. आणि आज रात्री पोराला एकदा विचारा, "आज काय शिकलास? मला सांग की."